आवाज फुटल्यानंतरचे भास्करबुवा बखले : एक प्रकरण अभ्यास

बडोद्यातल्या मराठी घरांत मुलांना गाण्याला घालण्याची रीत जुनी आहे आणि ती अजून टिकून आहे. मात्र मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला आणि आवाज फुटू लागला की त्याचा क्लास सुटतो. घरचे म्हणतात, दहावी जवळ आली. शिक्षकही फारसा आग्रह धरीत नाहीत, कारण कालपर्यंत चढ्या पट्टीत सहज गाणारा मुलगा आज कोणत्या स्वराला षड्ज, म्हणजे मूळचा ‘सा’, मानून गाईल, हे त्यांनाही नक्की सांगता येत नसते. असा एकदा सुटलेला क्लास बहुधा पुन्हा सुरू होत नाही. या वयात गाणे सुटायचेच, असे आपण धरून चाललो आहोत. तसे धरून चालावे का, हे तपासण्यासाठी या लेखात एकच प्रकरण सविस्तर मांडले आहे. ते बडोदे संस्थानात जन्मलेल्या, याच शहरात उस्तादांची तालीम घेतलेल्या आणि पुढे महाराष्ट्राच्या संगीताची दिशा बदलणाऱ्या भास्कर रघुनाथ बखले यांचे आहे.

भास्करबुवा (१७ ऑक्टोबर १८६९ – ८ एप्रिल १९२२) गायक होते, बालनट होते, नाट्यपदांना चाली देणारे रचनाकार होते, शिक्षक होते आणि संस्थापकही होते. चरित्रपर लेखांत या पाचही गोष्टी एका ओळीत येतात आणि वाचणाऱ्याला वाटते की मुळातच बहुगुणी असलेल्या माणसाचे गुण एकेक करून प्रकट होत गेले. मला तसे वाटत नाही. त्यांच्या आयुष्याचा क्रम पाहिला तर या सगळ्याची सुरुवात एका तुटण्यापासून झाली, असे दिसते. गाजलेला बालनट ऐन भरात असताना त्याचा आवाज गेला, कंपनीत त्याला स्थान उरले नाही, आणि पुढची अनेक वर्षे त्याने लोकांपुढे मिरवण्याजोगे काही हाती नसताना शिकण्यात घालवली. त्यांचे सारे पुढचे काम या वर्षांतून उभे राहिले आहे.

नेमके काय होते

मुलगा वयात येताना स्वरयंत्र वाढते आणि स्वरतंतू लांब व जाड होतात. त्यामुळे आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. हा बदल एका रात्रीत होत नाही. काही महिने, कधी त्याहून अधिक काळ आवाज दोन्हीकडे डोलत राहतो. मध्य सप्तकात गाताना मध्येच फाटतो, तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, हात घालावा तर तो मिळत नाही, आणि खर्ज, म्हणजे खालचे भरदार स्वर, अजून आलेले नसतात. मुलाच्या कानाला सूर पूर्वीइतकाच स्वच्छ कळत असतो, किंबहुना म्हणूनच त्याला जास्त त्रास होतो. गळा आज्ञा पाळत नाही आणि आपण बेसूर झालो हे इतरांच्या आधी त्यालाच ऐकू येते. या काळात जुनीच पट्टी धरून जोर लावला तर आवाजाला इजा होऊ शकते. उतरत्या आवाजाला साजेसा षड्ज घेऊन बेताने गात राहिले तर बिघडत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या नाटक कंपनीत मात्र बेताने गात राहण्याची सोय नव्हती. स्त्रीभूमिका पुरुष आणि मुलगे करीत. मुलग्याला कंपनीत ठेवले जाई ते त्याच्या उंच, गोड आवाजासाठी आणि कोवळ्या चेहऱ्यासाठी, आणि या दोन्ही गोष्टी साधारण एकाच सुमारास संपतात.

कैकेयी

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचा पाया पक्का झाला. कठोर या गावी एका गरीब कुटुंबात जन्मलेल्या भास्करचे गाण्याचे पहिले शिक्षण बडोद्यात कीर्तनकार पिंगळेबुवांकडे झाले होते. कीर्तनकाराकडून मिळणारे शिक्षण हे निव्वळ गळ्याचे नसते. शब्द कसा टाकायचा, श्रोत्यांचे लक्ष कुठे ढिले पडते, कथेत पद कुठे आणायचे, हे त्यात आपोआप येते. असा तयार मुलगा किर्लोस्कर मंडळीत गेला आणि १८८४ च्या ‘रामराज्यवियोगा’तली त्याची कैकेयी लोकांना आवडली. हे नाटक अण्णासाहेबांच्या हातून पुरे झाले नाही. १८८५ मध्ये ते गेले. पण जेवढे झाले तेवढ्यात हा मुलगा डोळ्यांत भरला होता.

कंपनीचा मुक्काम इंदूरला असताना बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे, बंदे अली खाँ यांनी ही कैकेयी ऐकली आणि मुलाला गंडा बांधला. बंदे अली खाँ म्हणजे त्या काळच्या बीनवादनातले सर्वोच्च नाव. एका मोठ्या बीनकाराने नाटकातल्या मुलाला शिष्य करून घ्यावे ही गोष्ट आज ऐकायला साधी वाटते; त्या काळी घराण्याची विद्या ही घरातली ठेव मानली जाई आणि बाहेरच्याला ती सहज मिळत नसे. ही तालीम फार काळ चालली नाही, तरी तिचे मोल मी मोठे मानतो. बिनेत शब्द नसतात. आलाप, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आणि स्वरावर थांबणे एवढ्यावर सारे चालते. नाटकातल्या टाळ्यांच्या पदांत वाढलेल्या मुलाच्या कानावर, आवाज शाबूत असतानाच, असे गाणे पडले की ज्यात उंच पट्टीला काही महत्त्व नाही.

त्यानंतर आवाज फुटला. कंपनीत त्याची किंमत उरली नाही, मानहानी सोसावी लागली, आणि त्याने कंपनी सोडली.

येथे दुसऱ्या एका बडोदेकराशी तुलना केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भाऊराव कोल्हटकर यांचा जन्म बडोद्यातला, १८६३ चा. १८८२ मध्ये तेही याच कंपनीत आले आणि शकुंतला व सुभद्रा म्हणून त्यांनी महाराष्ट्र गाजवला. ते कंपनीत आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, म्हणजे आवाजाचा बदल मागे टाकूनच आले होते, आणि तरीही त्यांचा आवाज उंच व तेजस्वी राहिला होता. निसर्गाने एकाला दिले आणि दुसऱ्याकडून काढून घेतले, एवढाच या दोघांतला फरक. भाऊरावांना रंगभूमी सोडावी लागली नाही, आणि १९०१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते किर्लोस्कर मंडळीचेच राहिले. भास्करला ती सोडावी लागली, म्हणून तो उस्तादांच्या दारी गेला. भाऊरावांचे यश कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. त्यांच्यासारखा आवाज ज्याला लाभला त्याला दुसरी वाट शोधण्याचे कारणच पडले नसते, एवढेच सांगायचे आहे.

बडोद्यातली तालीम

कंपनीबाहेर पडलेला मुलगा बडोद्याला परतला तेव्हा या शहरात संगीताची दोन निरनिराळी जगे शेजारी शेजारी नांदत होती. सयाजीराव महाराजांना १८८१ मध्ये राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले होते. दरबारी गायक-वादकांसाठी कलावंत कारखाना हे स्वतंत्र खाते होते. मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ मध्ये सुरू झाली. तिथे सामान्य घरांतल्या मुलांना वर्गात बसवून, स्वरलिपीच्या आधारे गाणे शिकवले जाई. मौलाबक्ष स्वतः गायक आणि बीनकार होते, दक्षिणेत राहून त्यांनी कर्नाटक संगीतही आत्मसात केले होते, आणि पाठ्यपुस्तके लिहून गाणे शाळेत नेण्याचे त्यांचे काम त्या काळाच्या फार पुढचे होते. त्याच गायनशाळेची परंपरा आज सूरसागराच्या काठी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संगीत विभागात चालू आहे. दुसरे जग उस्तादांच्या घरांचे होते. तिथे वर्ग नव्हता, इयत्ता नव्हती, आणि आज काय शिकवले जाईल हे कोणी आधी सांगत नसे.

भास्कर या दुसऱ्या जगात गेला. त्याने दरबारचे गायक फैजमहंमद खाँ यांची शागिर्दी पत्करली. फैजमहंमद खाँ ग्वाल्हेरच्या गायकीचे. या गायकीत बंदिशीला, म्हणजे रागात बांधलेल्या चिजेला, मान मोठा: अस्थायी आणि अंतरा हे तिचे दोन भाग स्वच्छ म्हणायचे, त्यातूनच आलापाला वाट काढायची, मग बंदिशीचे शब्द घेऊन बोलतान, मग सरळ, मोकळी तान. आवाज फुटलेल्या मुलाच्या दृष्टीने या पद्धतीकडे पाहिले की तिचा एक गुण लक्षात येतो. बंदिश पाठ करणे, तिचा तोंडवळा समजून घेणे, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कुठून यायचे ते मनात पक्के करणे, यांतले कोणतेही काम गोड आवाजाअभावी अडत नाही. खर्जाचा रियाज तर उतरत्या आवाजालाच सोयीचा.

उस्तादाच्या घरी शिष्य म्हणून राहणे म्हणजे सेवा आली: हवे-नको पाहायचे, तंबोरे जुळवायचे, आणि उस्ताद स्वतः गात असतील तेव्हा मागे बसून ऐकायचे. आजच्या पालकाला हा वेळेचा अपव्यय वाटेल, आणि या पद्धतीत शिष्याची पिळवणूक होण्याचा धोका होता हेही खरे. पण या प्रकरणापुरते पाहिले तर तिचे एक मोल नाकारता येत नाही. वर्गात बसलेल्या मुलाने दर सत्राला काही तरी गाऊन दाखवायचे असते. उस्तादाच्या घरी बसलेल्या मुलाकडून अनेक महिने कोणी काही ऐकवण्याची अपेक्षा करीत नसे. ज्याचा गळा ठिकाणावर नाही त्याला नेमकी हीच मुभा हवी असते. गायनशाळेचा मी विरोधक नाही. बडोद्यातल्या कितीतरी घरांत गाणे आले ते तिच्यामुळेच. मात्र परीक्षा आणि कार्यक्रम यांच्या तारखा ठरलेल्या असल्या की आवाज बदलणारा मुलगा आधी मागे पडतो आणि मग बाहेर पडतो, हे मान्य करावे लागते.

आणखी एक बाजू आहे. कीर्तनाच्या वातावरणात वाढलेला ब्राह्मण मुलगा त्या काळात मुसलमान उस्तादाचा शागिर्द होतो, तेव्हा खाणे-पिणे, सोवळे-ओवळे, नातेवाइकांचे बोलणे यांतून त्याला वाट काढावी लागते. उस्तादांनाही आपल्या बिरादरीत उत्तर द्यावे लागते की घरची चीज परक्याला का दिली. दोन्हीकडच्यांनी हे ओझे उचलले. आज महाराष्ट्रात ख्यालगायन घरोघर पोहोचले आहे त्याच्या मुळाशी अशा थोड्या माणसांचे हे धाडस आहे, आणि भास्करबुवांइतके ते क्वचितच कोणी एकामागून एक तीन उस्तादांच्या बाबतीत केले असेल.

कारण फैजमहंमद खाँनंतर ते आग्रा घराण्याच्या नत्थन खाँकडे गेले. तिकडे जाण्याचा सल्ला खुद्द फैजमहंमद खाँनी दिला असे सांगतात. त्या सुमारास भास्करबुवा धारवाडला ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षक होते, म्हणजे एकीकडे शिकवीत होते आणि दुसरीकडे शिकत होते. आग्र्याची गायकी लयीची आणि बोलांची. शब्द तोडून, फिरवून, लयीशी खेळत समेला यायचे. नत्थन खाँ १९०१ मध्ये वारल्यावर पुढे कोल्हापूर दरबारच्या अल्लादिया खाँची तालीम त्यांनी घेतली. म्हणजे स्वतःचे नाव झाल्यावर पुन्हा शिष्य म्हणून बसले. अल्लादिया खाँच्या गायकीत अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग आणि तानेची गुंतागुंतीची वळणे. या तिन्ही गायकी एका गळ्यात एकत्र आल्या. लोक त्यांना देवगंधर्व म्हणू लागले आणि पंजाब-सिंधपर्यंत त्यांच्या मैफली झाल्या.

रंगभूमीकडे परत, वेगळ्या दाराने

ज्या रंगभूमीने त्यांना नाकारले तिच्याविषयी त्यांच्या मनात कटुता राहिली असती तर नवल नव्हते. प्रत्यक्षात काय झाले ते तारखा सांगतात. १९११ मध्ये त्यांनी पुण्यात गायनाची संस्था काढली आणि तिला नाव दिले ‘किर्लोस्कर भारत गायन समाज’. पुढे ती ‘भारत गायन समाज’ म्हणून ओळखली गेली. १९१३ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘विद्याहरणा’त त्यांच्या चाली आल्या. त्याच वर्षी बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, जिला पुढे बडोदे सरकारचा आश्रय मिळाला. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आले आणि १९२० मध्ये ‘द्रौपदी’.

‘स्वयंवरा’तल्या एका पदाकडे जवळून पाहू. रुक्मिणीच्या तोंडचे ‘नाथ हा माझा’ यमन रागात आहे. किर्लोस्करांच्या नाटकांत साकी, दिंडी, कामदा असे छंद भरपूर असत; पद छोटे, चाल ओळखीची, कथा पुढे सरकते. त्यात सौंदर्य आहेच, पण नटाला थांबून गायला जागा थोडी. ‘नाथ हा माझा’ची बांधणी ख्यालाच्या चिजेसारखी आहे. मुखडा असा की त्यावर पुन्हा पुन्हा परतावेसे वाटते, त्रितालाच्या आवर्तनात समेआधी सोडलेली मोकळी जागा, आणि अंतऱ्यात तार षड्जाकडे जाणारी सरळ चढण. ज्याला यमन येतो तो यात हवा तितका वेळ राहू शकतो. ज्याला कमी येतो त्यालाही चाल स्वतःच सांभाळून घेते. बालगंधर्वांनी हे पद कसे फुलवले ते मराठी श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. त्याच नाटकातले ‘मम आत्मा गमला’ बिहागातले, आणि तिथेही रचनेचे तत्त्व हेच.

या चालींमागे मला तो कंपनीतून बाहेर पडलेला मुलगा दिसतो. निव्वळ उंच आवाजावर उभे राहिलेले पद आवाजाबरोबर संपते, हे ज्याने स्वतः भोगले होते त्याने अशी पदे बांधली की नटाचा आवाज वयाने बदलला तरी राग आणि बंदिश त्याला आधार देतील. बालगंधर्व साठी उलटल्यावरही ही पदे गात होते आणि लोक ऐकत होते. हा माझा तर्क आहे, पण पदांची घडण पाहता मला तो खरा वाटतो.

शिष्यांच्या बाबतीत तर तर्काची गरज नाही. कृष्णराव फुलंब्रीकर, म्हणजे मास्तर कृष्णराव, यांचा जन्म १८९८ चा. तेही नाटक कंपनीतले गाजलेले बालनट. आणि १९११ च्या सुमारास, म्हणजे जवळपास त्याच अडनिड्या वयात, ते भास्करबुवांकडे आले. बुवांनी त्यांना ख्यालाची तालीम दिली, मैफलीत मागे बसवले आणि चाली बांधण्याच्या कामातही जवळ ठेवले. स्वतःच्या वेळी बुवांना ज्या गोष्टी शहरोशहरी, दारोदारी शोधाव्या लागल्या त्या या मुलाला एकाच घरात मिळाल्या. गोविंदराव टेंबे यांची गोष्ट निराळी आहे. ते बुवांच्या साथीला पेटीवर बसत आणि साथ करता करता गायकी उचलीत. गळ्याची वाट बंद असली तरी हातांनी आणि कानांनी गाण्यात राहता येते, याचा तो चांगला दाखला आहे. केसरबाई केरकरांनाही काही काळ त्यांची तालीम मिळाली, आणि पंजाबातून आलेले दिलीपचंद्र वेदी त्यांचे शिष्य झाले.

आजच्या शिक्षकासाठी

एका असामान्य माणसावरून नियम काढू नये, असा आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. नाटक कंपन्यांतून आवाज फुटल्यावर बाहेर पडलेल्या बहुतेक मुलग्यांची नावेही आज कोणाला ठाऊक नाहीत. तरीही या प्रकरणातून काही कामाच्या गोष्टी घेता येतात, आणि त्यांना प्रतिभेची अट नाही. मुलाचा षड्ज दर काही आठवड्यांनी नव्याने शोधावा आणि तो खाली उतरला तर तंबोरा खाली उतरवावा. जुन्या पट्टीचा हट्ट सोडावा. गायला सांगायचे ते सोसेल तेवढ्या पाच-सहा स्वरांत. बाकीचा वेळ बंदिशी पाठ करणे, त्या स्वरलिपीत लिहून काढणे, ठेका हातावर देत आवर्तने मोजणे, तंबोरा स्वतः जुळवणे आणि पेटीवर साथ करणे यांत घालवावा. मोठ्यांच्या मैफलीत त्याला मागे बसवावे. वार्षिक कार्यक्रमात त्याचे नाव गाण्यासाठी नाही तर तंबोऱ्यासाठी असले तरी चालेल, पण ते कार्यपत्रिकेतून गळता कामा नये. बडोद्यात वर्ग आणि उस्तादाचे घर या दोन्ही परंपरा होत्या. वर्गाची शिस्त ठेवून या एक-दोन वर्षांपुरती दुसऱ्या परंपरेतली सवलत घेणे आपल्या शिक्षकांना अवघड नाही.

१९२२ नंतर

भास्करबुवा पुण्यात वारले तेव्हा बावन्न वर्षांचे होते. त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका नाही. त्यांचे गाणे उरले ते शिष्यांच्या गळ्यांत आणि नाटकांच्या पदांत. दिलीपचंद्र वेदी त्यांच्यानंतर बडोदे दरबारच्या फैयाझ खाँकडे गेले आणि आग्र्याची तालीम पुढे घेत राहिले. गंधर्व मंडळीच्या चालींची जबाबदारी मास्तर कृष्णरावांवर आली. १९३१ च्या ‘कान्होपात्रे’चे संगीत त्यांचे आहे, आणि पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ या बोलपटांचेही. आळंदीत जन्मलेल्या या एकेकाळच्या बालनटाने नाटक, सिनेमा आणि मैफल या तिन्ही ठिकाणी काम केले, आणि गुरूने काढलेला भारत गायन समाज अनेक वर्षे सांभाळला.